स्ट्रॉबेरीच्या वाफ्यासाठी घेतलेली जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी तारेची) षटकोनी जाळी, मोकळ्या कोंबड्यांच्या परड्यात एक अख्खा हंगाम वापरून

जाळी घेऊन सात महिने झाले, स्ट्रॉबेरीचा एक हंगाम पूर्ण गेला, म्हणून आता लिहितेय. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर दोन स्टार दिले असते आणि ते चुकीचं झालं असतं, कारण जाळी चांगलीच होती, मी ती लावली चुकीची होती. आता पाचपैकी चार देते, आणि तो एक का कापला तेही खाली सांगते.

आधी आमच्याकडची परिस्थिती सांगते नाहीतर काही कळायचं नाही. आम्ही बेळगावजवळ उचगावच्या बाजूला राहतो, तांबडी माती, घरामागे साधारण दीड गुंठ्याचं परडं. त्यात नारळ, कढीपत्ता, दोन पपया, आणि सासूबाईंच्या कोंबड्या. अकरा कोंबड्या, एक कोंबडा, त्यातल्या चार गिरीराज जातीच्या आणि बाकी सगळ्या गावठी. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की संध्याकाळी दिवे लागेपर्यंत त्या मोकळ्याच, आणि हे आमच्या घरात बदलणार नाही, मलाही बदलायचं नाही कारण गावठी अंड्याचा बलक तसा केशरी होतो तो त्या दिवसभर हिरवं नि किडे खातात म्हणूनच. शिवाय ऊसवाल्यांना हुमणीचा, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचा, त्रास काय असतो ते या भागात सगळ्यांना माहीत आहे, आमच्या परड्यात माती उकरली की हुमणी क्वचित दिसते, वाळवीही कमी, गोगलगायी पावसाळ्यात येतात पण टिकत नाहीत. हे सगळं कोंबड्यांचं काम आहे. म्हणजे मला बागेसाठी कोंबड्या हव्यात, फक्त स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात नकोत.

आमच्या लेकीला महाबळेश्वरहून आल्यापासून घरच्या स्ट्रॉबेरीचं वेड लागलेलं, आणि बेळगावची हवा बघता मला वाटलं करून बघायला काय हरकत आहे. महाबळेश्वरएवढी उंची नाही पण आपण अडीच हजार फुटांवर आहोत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री चांगल्या गार असतात, माती थोडी आंबट, आणि स्ट्रॉबेरीला साधारण साडेपाच ते साडेसहा पीएच लागतो तो तांबड्या मातीत जमतो. महाबळेश्वर भागातल्या एका नर्सरीतून विंटर डॉन जातीची साठ रोपं मागवली, ट्रॅव्हल्सच्या पार्सलने आली, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. बारा वाटेतच गेली होती, अठ्ठेचाळीस लावली. बारा फूट लांब नि तीन फूट रुंद असे दोन गादीवाफे, नऊ इंच उंच, दोन ओळी आणि फुटाफुटावर एक रोप. एक गोष्ट नवीन लोक चुकतात ती सांगते, रोपाचा जो मधला गड्डा असतो जिथून पानं फुटतात तो मातीच्या बरोबर पातळीला हवा, खाली गेला तर कुजतो, वर राहिला तर सुकतो.

आता जाळीकडे येते. त्याआधीच्या वर्षी मी दहा रोपं लावून बघितली होती आणि त्यावर ऑनलाईन मागवलेली हिरवी नायलॉनची जाळी टाकली होती, पक्ष्यांसाठी मिळते ती, बारीक दोऱ्याची. कुणी घेऊ नका. कोंबडीचा पाय त्यात अडकला तो निराळाच, पण एका सकाळी एक मोठी धामण त्यात अडकलेली सापडली, जेवढी पुढे जायला बघेल तेवढा दोरा अंगात रुतत होता. शेजारच्या काकांनी कात्रीने एकेक धागा कापून सोडवली, अर्धा तास लागला, ती वाचली. धामण बिनविषारी, उंदीर मारते, तिला आपल्या परड्यात असं मारायचं म्हणजे पापच. त्या दिवशी ती जाळी गोळा केली आणि परत नायलॉन आणायचा नाही असं ठरवलं.

मग या ऑक्टोबरात बेळगावात खडेबाजारच्या बाजूला एका जुन्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, जाळी सगळीकडे तीच मिळते. पण तिथल्या वयस्कर मालकांनी जे विचारलं ते महत्त्वाचं होतं. मी म्हटलं कोंबड्यांची जाळी द्या, तर त्यांनी पहिला प्रश्न केला, "मन्याग कोळी अदावेनरी?" म्हणजे घरात कोंबड्या आहेत काय. मी म्हटलं आहेत की, पण त्यांना कोंडायचं नाही, त्यांना बाहेर ठेवायचंय. मग त्यांनी मराठीत सांगितलं, "ताई, मग पातळ घेऊ नका, वरनं चालतात त्या. बावीस गेज बसंल खाली. वीस घ्या." गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते हे मला तेव्हा माहीत नव्हतं, उलटंच वाटत होतं. तर मी घेतली ती वीस गेज, एक इंची भोक, तीन फूट रुंद, पन्नास फुटांचा रोल, चौदाशे पन्नास रुपये. नंतर तीस फूट सुटी आणली बत्तीस रुपये फुटाने. त्यांनी सुटी कापून दिली आणि कापलेली टोकं स्वतः पक्कडने वळवून दिली, हे कुणी करत नाही. सेवेला पूर्ण मार्क.

घरी आणली आणि सगळे करतात तेच केलं, चार बाजूंनी बांबू ठोकून तीन फुटांचं कुंपण. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरीराज आत. गिरीराज ही जात बंगळूरच्या कृषी विद्यापीठात परसातल्या कोंबडीपालनासाठीच तयार केलेली, अंगाने भारी, तिला फार उडता येत नाही, ती खालून वाकवून गेली. गावठी मात्र सरळ वरून गेल्या, तीन फूट त्यांच्यासाठी काहीच नाही, एरवी त्या पेरूवर चढून बसतात. आणि आत जाऊन काय केलं तर फळ अजून नव्हतंच, पानांकडे त्यांनी फारसं बघितलंही नाही, त्यांना हवी होती मोकळी भुसभुशीत माती आणि भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा. मी पिंजर अंथरलं होतं फळ मातीला टेकू नये म्हणून, आणि पिंजरात झोडपताना राहिलेले भाताचे दाणे असतात हे मी विचारातच घेतलं नव्हतं. एकेका दाण्यासाठी अख्खा वाफा उकरला. स्ट्रॉबेरीची मुळं वरवरच असतात, वितीच्या आत जवळजवळ सगळी, त्यामुळे कोंबडीचा एक पाय मागे गेला की रोपच वर. चौदा रोपं उपटलेली, बरीचशी त्याच दिवशी परत लावली म्हणून वाचली.

तेव्हा मी रडकुंडीला आलेले, आणि जाळी परत करायच्या विचारात होते. सासूबाई बघत होत्या. त्या म्हणाल्या, "उभी कशाला करुलालीस गं? आडवी घाल की. पाय ठेवाय जागा नको त्यांस्नी." त्यांनी लहानपणी माहेरी मिरचीच्या रोपांवर बोरीच्या काटक्या आडव्या अंथरलेल्या बघितल्या होत्या, कोंबडी उकरायला गेली की पाय अडकतो, मग ती तिथं येत नाही. तीच गोष्ट जाळीने केली. कुंपण काढलं, वाफ्यावर पिंजर नीट केलं आणि त्यावर जाळी सपाट अंथरली, प्रत्येक रोपाच्या जागी अधिकच्या खुणेसारखा छेद देऊन रोप वर काढलं.

आणि खरंच थांबलं. पहिल्या दिवशी कोंबड्या आल्या, दोन-तीनदा पाय मारला, नख तारेत अडकलं, माती हलेना, दाणा दिसतोय पण वर येत नाही, मग निघून गेल्या. चार दिवसांनी त्या वाफ्यावरून फक्त ये-जा करायच्या, थांबायच्या नाहीत. कोंबडीला उकरता आलं नाही तर तिला त्या जागेत रस राहत नाही एवढं साधं आहे. मला वाटतं कोंबड्या नि बाग एकत्र ठेवणाऱ्या सगळ्यांनी कुंपणाआधी हे करून बघावं, भाजीच्या बहुतेक वाफ्यांना चालतं, लसूण, कांदा, गवारीलासुद्धा.

हे करताना मी ज्या चुका केल्या त्या लिहिते कारण त्यावर जाळीचा अनुभव अवलंबून आहे. पहिलं म्हणजे छेद मोठा घ्या, चार-पाच बोटं रुंद तरी. मी सुरुवातीला लहान ठेवले, जानेवारीत गड्डे जाड झाल्यावर तार रोपाला आवळायला लागली आणि मग भरल्या फळात पक्कड घेऊन बसावं लागलं. दुसरं, कापलेली टोकं खालच्या बाजूला वळवा, सगळी, कंटाळा करू नका. एका कोंबडीच्या तळपायाला टोक लागून जखम झाली, ती चिघळली आणि गाठ आली, पंधरा दिवस रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बांधावं लागलं. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, तार कापताना जे बारीक तुकडे पडतात ते कोंबड्या टिपतात, चकाकतं ना. पोटात तारेचा तुकडा गेला तर आतून इजा होते, शिवाय जीआयच्या तारेवर जस्ताचा थर असतो आणि जस्त कोंबड्यांना विषारी. मी जाळी अंगणात न कापता गच्चीवर कापली आणि शेवटी स्पीकरमधलं जुनं लोहचुंबक फिरवून घेतलं, मूठभर तुकडे निघाले.

सपाट जाळीने उकरणं थांबलं पण फळ लाल व्हायला लागलं की गोष्ट वेगळी. लाल रंग कोंबडीला लांबून दिसतो, आणि चोच मारायला माती उकरावी लागत नाही. म्हणून नोव्हेंबरच्या मध्याला फुलं आल्यावर ठिबकचा जुना पाईप वाकवून कमानी केल्या, दर तीन फुटांवर एक, आणि त्यावर उरलेली जाळी टाकली, म्हणजे वाफ्यावर जाळीचा बोगदाच झाला. तीन फुटी जाळीचे दोन पट्टे मध्ये तारेने शिवावे लागले कारण एका पट्ट्यात कमान झाकत नाही. इथंच तो एक स्टार गेला, म्हणजे जाळीचा दोष म्हणावा की माझा माहीत नाही, पण दुकानात चार आणि पाच फुटी रुंदी ठेवली पाहिजे होती, तिथं तीन फुटीच होती. तुम्हाला मिळाली तर खाली चार फुटी आणि वर पाच-सहा फुटी घ्या, वाफ्याचे उतारही झाकले जातील, माझे उतार उघडे राहिले आणि तिथून कडेची माती ओढली जायची ती जायचीच.

एक इंची भोकाचा एक मोठा फायदा असा की मधमाश्या आरामात आत जातात. नायलॉनच्या बारीक जाळीत माझी आधीच्या वर्षीची फळं वेडीवाकडी, एका बाजूला फुगलेली दुसरीकडे आखडलेली आली होती, मला वाटलं रोग आहे. तसं नव्हतं. स्ट्रॉबेरीवर जे बारीक बियांसारखे दाणे दिसतात ना, खरी फळं तीच, आणि ज्या दाण्याचं परागीभवन झालं त्याच्या भोवतीचाच गर फुगतो, बाकीचा तसाच राहतो. माशी सगळीकडे फिरली तर फळ गोलमटोल. यावेळी फुलोरी माश्या सकाळी नऊपासून आत असायच्या, फळं सगळी नीट आकाराची. बुलबुल आणि कावळे बाहेर राहिले. उंदीर मात्र इंचाच्या भोकातून येतो, तीन-चार फळं कुरतडलेली मिळाली, तेवढं मी सोडून दिलं. छोटी पिल्लंही जातात. आमच्या एका खुडूक कोंबडीने जानेवारीत नऊ पिल्लं काढली, ती सगळी बोगद्यात शिरून बसली आणि आई बाहेरून ओरडतेय, त्यांना बाहेर काढायला मला पोटावर झोपावं लागलं. पिल्लं असतील तर खालचा एक फूट अर्धा इंची जाळी लावा.

या बोगद्याचं आणखी एक काम होतं ते लोक विचारात घेत नाहीत, विष्ठा. मोकळ्या कोंबड्या म्हणजे विष्ठा कुठेही, आणि स्ट्रॉबेरी आपण न शिजवता, सालासकट खातो. साल्मोनेलासारखे जंतू त्यात असू शकतात. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत फळ मातीला टेकणारं असेल तर कच्चं शेणखत घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवस जावे लागतात, म्हणून मी कच्चं घालतच नाही, कुजवूनच घालते. खुराड्यातला लेंडीकुळा (कोंबड्यांच्या विष्ठेचा केर) पालापाचोळ्याबरोबर कुजत घातला तो मे मध्ये, वाफ्यात मिसळला ऑक्टोबरच्या सुरुवातीला. ताजा अजिबात घालू नका, एक तर तो उष्ण, मुळं जाळतो, दुसरं त्यात नत्र एवढं असतं की नुसती पानंच पानं येतात आणि फूल नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी झालं तसं, रोपं ढोपराएवढी आणि फळं दहा. फुलं आल्यापासून वाफ्यावर बोगदा असला की वरून काही पडत नाही, तरीही आम्ही धुऊनच खातो, लेकीला जाळी उचलून तोंडात टाकायची सवय होती ती मोडली.

वासाच्या झाडांबद्दल थोडं, कारण ती पण मी याच जाळीत करायला गेले आणि निम्म्यांना गरजच नव्हती. पुदिना कोंबड्या खात नाहीत, एकदा टोचतात नि सोडतात, मोरीच्या पाण्यावर तो नुसता पसरतोय. पानओवा तसाच. गवती चहाला हात लावत नाहीत, उलट त्याच्या बुंध्याशी सावलीत बसतात आणि दोघी तिथंच अंडी घालतात, रोज सकाळी तिथं हात घालून बघावं लागतं. तुळस मोठी झाल्यावर सुरक्षित, लहान असताना नाही. कोथिंबीर आणि मेथी मात्र विसरा, दोन पानांवर आली की साफ, त्याला सपाट जाळीही पुरत नाही कारण ते भोकातून वर येतं आणि त्या वरूनच खुडतात. कोथिंबीर मी गच्चीवर थर्माकोलच्या मासळीच्या पेट्यांत हलवली. आलं-हळदीला सपाट जाळी एकदम छान, कोंब वर येईपर्यंत ठेवायची. खुराड्यात पुदिना ठेवला की उवा-पिसवा जातात असं सगळे सांगतात, मी तीन महिने ठेवला, मला फरक दिसला नाही. फरक पडला तो राखेने. पेरूखाली एक घमेलंभर खड्डा करून त्यात चुलीची राख आणि कोरडी माती टाकली, दुपारी सगळ्या तिथं लोळतात, आणि तेव्हापासून वाफ्याच्या उतारावर लोळणंही निम्म्याने कमी झालं. त्यांना अंगाला माती लावायची जागा हवीच असते, आपण दिली नाही तर त्या शोधतात आणि त्यांना सापडतो तो आपला वाफा.

आता जाळीची तक्रार. गंज. आमच्याकडचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे, पण ही जाळी अजून पावसाळा बघितलेलीही नाही आणि रोजच्या पाण्याने जिथं जिथं कापली तिथं एप्रिलमध्येच तांबूस झाली. न कापलेला भाग चांगला आहे. म्हणजे कापलेल्या जागी जस्ताच्या थराखालचं लोखंड उघडं पडतं तिथूनच सुरुवात. पाहुण्यांच्या शेडवर पीव्हीसी थराची हिरवी जाळी बघितली, ती जास्त टिकते असं ते म्हणाले पण दर जवळपास दुप्पट, आणि कोंबडी तो थर टोचून खाईल काय याची मला काळजी वाटते, म्हणून मी घेतली नाही. दुसरी अडचण तण काढायची, जाळीतून हात जात नाही, पिंजर जाड ठेवलं तर तण कमी येतं एवढंच. तिसरी, मार्चमध्ये ऊन वाढल्यावर रोपं धावते (जमिनीवर पसरणाऱ्या लांब फांद्या) सोडतात, ते धावते जाळीवरून पळतात आणि भोकांतून मुळं खाली सोडतात, मग हंगाम संपल्यावर जाळी उचलताना सगळं गुंतलेलं. दोघांना मदतीला घेऊनही मला एक वाफा मोकळा करायला अख्खा रविवार गेला. धावते आले की लगेच खुडा, किंवा पुढच्या वर्षी रोपं हवी असतील तर धावत्याखाली कुंडी ठेवा.

उत्पन्न विचाराल तर पहिलं फळ नाताळच्या आदल्या दिवशी, शेवटची वाटी मार्चअखेर, वहीत सगळं लिहिलंय, अठ्ठेचाळीस रोपांत सव्वानऊ किलो. शेतकऱ्याला हे काहीच नाही पण घरात चौघं पोटभर खाऊन, शेजारी वाटून, सासूबाईंनी दोन बरण्या मुरांबा केला. त्यांना पहिल्यांदा आंबट वाटली होती, मग त्याच सकाळी सगळ्यात आधी बोगदा उचलून बघायला लागल्या. रोपं, जाळी, पाईपच्या क्लिपा सगळं धरून साडेतीन हजारांच्या आत खर्च, त्यातले चोवीसशे दहा जाळीचे आणि जाळी पुढच्या दोन हंगामांना तरी चालेल असं दिसतंय.

एप्रिलच्या शेवटी जाळ्या काढल्या, गुंडाळून पडवीत आढ्याला टांगल्या, आणि दोन्ही वाफे कोंबड्यांना मोकळे करून दिले. तीन दिवसांत त्यांनी पिंजर, जुनी पानं, खालचे किडे, सगळं उलथंपालथं करून टाकलं, खुरपायला काही उरलं नाही. सासूबाई पायरीवर बसून म्हणाल्या, "आता खा म्हणावं किती खातीस ती." वळवाचा एक पाऊस झाला की हुमणीचे भुंगे निघतील, तेव्हा त्या परत तिथंच असतील. ऑक्टोबरला त्याच दुकानात जाऊन पाच फुटी जाळी मागवून ठेवायला सांगणार आहे, यावेळी शंभर रोपांसाठी.